अळणी राणी

रविवार, रात्र. पनवेल.

डोकं फिरलंय माझं. दुपारी धाकट्या जावेकडे, सुमनकडे, टीव्हीवर ती जादूची मालिका बघितली. त्यातल्या दुष्ट राणीला मीठ चालत नाय, सगळं अळणी खाते. सुमन म्हणाली, "ही राणी मूळ कादंबरीत नाहीच. जुन्या पुस्तकांतल्या राक्षसिणी जुळवून नवी केलीय." वाचनालयातून आणून वाचते ना बाईसाहेब! माझी लेक नंदा तिच्या तोंडाकडे बघत बसली.

मी म्हटलं, "अळणी खाणारी राक्षसीण माझ्या आयच्या गोष्टीतली हाय, मिठागरावरची. नंदे, तुला सांगितलेली ना?"

"पण आई, ती कुठल्या पुस्तकात हाय?"

जळलेच मी. सुमन संध्याकाळी आमच्याकडे जेवायला होती. कालवणात मीठ घालायच्या आधीच तिची वाटी काढून ठेवली. मनात म्हटलं, खा, तूच राणी.

पहिल्याच घासाला म्हणते, "वहिनी, मीठ विसरलात काय?"

मी हलले नाय. नंदाच मीठ आणायला पळाली. सुमननं हात पुढे केला, तर पोरीनं मिठाची वाटी खाली ठेवली.

"हातात नाय देत काकी, भांडण होतं. आई सांगते."

हे कुठल्या पुस्तकात हाय, ते नाय विचारलं पोरीनं.