सात किटल्या आणि माझी सतरा वर्षं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच मानून घे). पत्राला तीन महिने उशीर झाला. पोस्ट लांब आहे असं लिहिणार होतो, पण ते दुकानाच्या अगदी समोर आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

मुख्य बातमी ही की मला नोकरी लागली आणि ती टिकली! (हसू नकोस. तबेल्यातून मला कोणी काढलं नव्हतं. घोडा पळाला, मी त्याच्यामागे गेलो, वाटेत एक नदी लागली... ते असो.) दुकान भांड्यांचं. काचेमागच्या फळीवर सात रंगांच्या सात किटल्या. मालक अस्सल खवट. पहिल्याच दिवशी म्हणाले, "रोज सकाळी रांग नवी दिसली पाहिजे. एकदा लावलेली पुन्हा दिसली की तू रस्त्यावर. बघू किती दिवस पुरतोस!" आणि रोजची रांग टिपायला वहीच घातली.

माझं धाबं दणाणलं. सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा. (एरवी मी आपणहून गुंडाळतो, पण इथली खोली कोरडी आहे आणि खालचा बेकरीवाला उरलेले पाव देतो.) मग एका रिकाम्या दुपारी तीनच किटल्या घेऊन बसलो. सहा तऱ्हा झाल्या. चौथी घेतली तर चोवीस! तू वर्गात फळा बडवून सांगायचीस ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पहिल्या जागेला सात उमेदवार, दुसरीला उरलेले सहा, मग पाच... गुणत गेलो. पाच हजार चाळीस! वर्षाला तीनशे दिवस दुकान उघडं धर, जवळजवळ सतरा वर्षं!

मालक "काहीतरीच!" म्हणाले आणि सात झाकणं घेऊन स्वतःच मोजायला बसले. चहापर्यंत नव्वद झाल्या, मग हात टेकले.

"सतरा वर्षं तुझं तोंड बघायचं?"

"अट तुमचीच, मालक."

आत्या, ज्या गणितात तू मला दोनदा नापास केलंस, त्यानेच मला पोटापाण्याला लावलं!

तुझा,
भटक्या

ता. क. वही मालकांकडे असते, मी आपला मनाला येईल तशी रांग लावतो. एकही पुन्हा न येता ओळीने लावत जायची युक्ती उलट टपाली पाठव. कालच्या रांगेकडे मालक जरा जास्तच वेळ बघत होते. (खरं तर पत्र एवढ्याचसाठी.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवतोय तोच एक बाई आत आल्या. तीन महिन्यांत किटलीचं पहिलं गिऱ्हाईक! रोज बदलणारी रांग बघून म्हणे राहवेना. सातही हव्यात, आजच्याच क्रमाने बांधून. मालक वही मिटून गालातल्या गालात हसताहेत. आत्या, शून्य किटल्या किती तऱ्हांनी मांडता येतात, तेही त्याच टपालाने कळव.