न सोडलेल्या गड्ड्या

चि. सौ. तेजस्विनीस आशीर्वाद.

तू बांधलेल्या गुलाबाच्या गड्ड्या घेऊन मी रविराजबरोबर बाजारात जात आहे. दूध तापवून झाकले आहे. चहा घेतल्याशिवाय कामाला लागू नकोस.

आज एकही गड्डी सोडून मी पुन्हा बांधलेली नाही. काल तू रविराजला म्हणालीस, "सहा वर्षं झाली, आई माझी प्रत्येक गाठ सोडतात. त्यापेक्षा अंबडच्या कंपनीत जाते." मी बाहेर ओट्यावर होते, सगळे ऐकू आले. प्रथम राग आला. नंतर आठवले की माझ्या सासूबाईही माझ्या गड्ड्या अशाच सोडत असत, आणि मी मात्र कधी कोणाजवळ बोलले नाही. तुझी गाठ पक्की असते, हे मला पहिल्याच महिन्यात कळले होते. तरी हात जात असे. मनातला राग सासूबाईंवरचा होता, निघाला तुझ्यावर. चूक माझी आहे.

अंबडची नोकरी मनापासून करायची असेल तर अवश्य कर. माझ्या हातांना कंटाळून मात्र जाऊ नकोस.

वांग्याची भाजी तुझ्या पद्धतीने कर. मी वरून तिखट घालणार नाही.

इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही. माझा हात पुन्हा तुझ्या गड्डीकडे वळला, तर चारचौघांत "आई, हात" असे स्पष्ट म्हणायचे. भीड धरायची नाही. ही विनंती समजू नकोस, हुकूम आहे.

आई