चटका न लागणारा हात

बाबा, तुमची आठवण आली म्हणून लिहीत नाही. तुमच्यावर राग आहे. तो काल नव्यानं आला, आणि ऐकून घ्यायला तुम्ही नाही, एवढंच या कागदाचं कारण.

आष्टीच्या बाजाराच्या दिवशी तुमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. शाळेतून आले की मी कंपाउंडरच्या स्टुलावर बसायची. तुम्ही एखाद्या पोराचा सदरा वर करता, कानामागे बघता आणि मला शिकवता : गोवर कानामागून चेहऱ्यावर येतो, मग खाली उतरतो, कांजण्या छातीपोटावर जास्त, आणि एकाच पाठीवर लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली, तिन्ही सोबत. पोराच्या आईला वेगळं सांगता, "मातेले हात जोड बाई, पण पोरगं मले दाखवत जाय." लोक हसायचे. एकदा खरूज झालेला हात मी स्टुलावरूनच ओळखला, तर तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "लांबून सांगते तो ज्योतिषी. डॉक्टर हात लावते."

फिकट चट्टा घेऊन कुणी आलं की मात्र तुमचा आवाज मऊ व्हायचा. तुम्ही दार लोटून घ्यायचात, कापसाची बारीक वात करायचात. "डोळे मीट. कापूस लागला की तिथं बोट ठेव." चांगल्या कातडीवर तो माणूस बरोबर बोट ठेवतो. मग वात चट्ट्यावरून फिरते, आणि तो तसाच, डोळे मिटून, वाट बघत. "लावा ना डॉक्टरसाहेब." "लावली बापा." पुढचं तुमचं बोलणं मला पाठ होतं. हा कुष्ठरोग आहे, बरा होतो, औषध फुकट मिळतं, फक्त लपवू नको. लपवलं तर नसा जातात, बोटं वाकतात.

आणि आपल्या स्वयंपाकघरात आई डाव्या हातानं गॅसवरचं उकळत्या वरणाचं गंज उचलते. सांडशी नाही, फडकं नाही. आत्या ओरडते, "माय व, वहिनी, हात हाय का लोखंड?" तुम्ही जेवता जेवता म्हणता, "आमच्या घरी सांडशी लागतच नाई." सगळे हसतात, आईसुद्धा. पाहुण्यांना तिचा तो हात कौतुकानं दाखवायची पद्धतच पडली होती आपल्याकडे. त्याच हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट, कोरडा चट्टा होता. ताईला स्थळं बघणं चालू होतं तेव्हा मी विचारलं, हे काय? तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. "शिबं. उन्हानं होते." लांबून सांगितलंत. हात लावला नाही.

ताईचं लग्न झालं, मग तुम्ही गेलात. त्यानंतर आईची करंगळी सरळ होईना, म्हणून मी तिला वर्ध्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं कापसाची वात केली तेव्हाच मला कळलं. औषध सुरू झालं, आजार गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलंच राहिलं. तेव्हापासून मी तुम्हाला एक सूट देत आले होते. घरच्या माणसाचं दुखणं डॉक्टरला दिसत नाही, चुकले असतील. चूक माफ करता येते. जवळपास केलीही होती.

काल आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्या वाकड्या बोटांत शेंग अडकवून ती उजव्या हातानं दाणे काढते. विषय तुमचा निघाला.

"तसे लाजाळू होते तुहे बाबा," आई म्हणाली. "पण ताईची सोयरीक चालू होती ना, तवा एका दुपारी घरात कोणी नाई पाहून माह्यासमोर येऊन बसले. म्हणे, डोळे मीट. मले वाटलं, बांगड्या-बिंगड्या आणल्या असन. लय वेळ बसली म्या तशीच. काहीच नाई! म्हटलं, उघडू काय? उघडून पाह्यते तं त्याइच्या डोळ्यात पाणी."

"हातात काही होतं त्यांच्या?"

"काय असन? कापूस होता जरासा. दवाखान्यातून आलते ना." आणि या वयात ती लाजली. "लय जीव होता वं माह्यावर. नुसते पाहत बसले होते."

म्हणजे हात लावला होता तुम्ही. ओळखलं होतं. सोयरीक मोडू नये म्हणून शिबं म्हणालात, आणि लग्नानंतरही तेच म्हणत राहिलात. ताकदीच्या गोळ्या आहेत असं सांगून औषध दिलं असतं, तरी तिनं काही न विचारता गिळलं असतं. उलट गंज उचलताना तिला हसत राहिलात. तुमच्या डोळ्यांतलं पाणी मी हिशेबात धरत नाही. तिच्या बोटांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

हा कागद मी फाडणार आहे. तिच्या हाती पडायला नको. तिच्याजवळ तुमची ती एक दुपार आहे, आणि ती कसली होती हे मी तिला सांगितलेलं नाही.

"काऊन गप्प झाली वं?" काल शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "बाबांची आठवण आली."

ती खूश झाली. तिच्याकडे बघत एवढं सहज खोटं बोलता येतं, हे मला काल कळलं. तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं.