सुसर कशी वाचली?

१८ नोव्हेंबर १९५७
शेटने मिठागर विकले! कारखाना होणार म्हणे. लॉऱ्या माती ओतायला लागल्यासुद्धा. राघोदादाला मुकादमाने तोंडी सांगितले – यंदा खाडीचे पाणी आत घ्यायचे नाही. वीस वर्षे मीठ ओढले त्याने. दुसरे काही येत नाही. त्या मिठावरच मी मॅट्रिक झालो, ठाण्यात मास्तर झालो. आता त्याचे कसे व्हायचे?

२१ नोव्हेंबर
सातवीला डायनोसॉर शिकवले. अंग अवाढव्य, हवा बदलली, पाला सुकला, उपाशी मेले – ठोकून दिले. वर्गातला आनंद उठला. "गुरुजी, सुसरही मोठीच ना? मग ती कशी वाचली?"
उगाच ओरडलो त्याच्यावर. मला उत्तर येत नव्हते, एवढेच.

२४ नोव्हेंबर
टेंभी नाक्यावरच्या वाचनालयातही सापडले नाही. डोक्यातून सुसर जात नाही.

२५ नोव्हेंबर
सकाळी दादा घरात नव्हता. मिठागरावर गेलो, तर कोरड्या वाफ्यात एकटाच! अनवाणी पायांनी जमीन तुडवत होता. दिवाळी झाली की वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करायचा, मग पाणी घ्यायचे, हे दरवर्षीचे काम. पण यंदा पाणी कुठले?
"पाय र्‍हात नाय रं," म्हणाला. पलीकडे लॉरी रिकामी होत होती.
रडू आले. रागही आला. माझा भाऊच डायनोसॉर! हवा बदलली तरी जुना पाला शोधतोय.

२ डिसेंबर
शाळेत शिपायाची जागा आहे. हेडमास्तरांना गळ घातली. दादाला सांगितले, तर खो खो हसला. "घंटा वाजवू मी? स्टुलावर बसून?" भांडलो. उपाशी मरशील, म्हटले! तुळसावहिनी ताट ठेवून आत निघून गेली. असे बोलायला नको होते.

५ डिसेंबर
दादाला पुस्तकातले डायनोसॉरचे चित्र दाखवले. सुसरीचे विचारले. बराच वेळ बघत बसला.
"ह्याला झाराचा ताजा पाला लागं. सुसर चिखलान पडलेली. मेलेला, कुजलेला, वाहून येल ता खाते. नाय मिलला त म्हैनाभर गप. कासव पन तसाच, चिंबोरी पन. पाला सुकला त त्यांचा काय जातंय?"
एवढे साधे! आनंदला उद्या सांगणार, दादाचे नाव घेऊन.

१४ डिसेंबर
दादा पागाचे, फेकायचे जाळे घेऊन खाडीत उतरतो. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या – येईल ते. वहिनी पाटी घेऊन बाजारात जाते. पण हे किती दिवस चालणार? शिपायाची जागा धरून ठेवा, असे हेडमास्तरांना पुन्हा म्हटले. "बघू," म्हणाले. माझ्याकडे पाहिले मात्र नाही.

२८ डिसेंबर
हेडमास्तरांनी बोलावले. धावत गेलो – दादाचे काम झाले वाटले!
"पंढरीराव, एक तारखेपासून ट्रेनिंग झालेले मास्तर येतायत. तुमची नेमणूक तात्पुरती होती."
"पण मला दुसरे काहीच येत नाही हो!" – हे मीच बोललो.

३ जानेवारी १९५८
चपला बांधावर काढल्या. मांडीपर्यंत चिखल. दादाने जाळे हातात दिले, "हात सैल सोर," म्हणाला. पहिल्याच फेकीला जाळे माझ्याच अंगावर पडले.
दादा हसला नाही.