पालथी ठेवलेली फ्रेम

हितेश,

डाळ-भात फ्रिजमध्ये आहे. वायफायचा पासवर्ड मी बदललाय. हॉलमधल्या फ्रेमचा क्यूआर कोड आता कितीही स्कॅन कर, लागणार नाही. घरात मोबाईलला रेंज नसते हे तुला माहीत आहेच. राउटर रीसेट करायला जाऊ नकोस, ओटीपी माझ्या फोनवर येतो.

रविवारी मी ड्युटीवर असताना आप्पा दिघ्याहून आले होते. त्यांचा नेटपॅक संपलेला आणि ताईच्या बाळाचं बारसं व्हिडिओ कॉलवर बघायचं होतं. तुझे मित्र आले की दारातच ती फ्रेम त्यांच्यापुढे धरतोस. माझ्या बापाला मात्र ‘नेट बंद आहे’ म्हणालास, फ्रेम शोकेसवर पालथी ठेवलीस आणि आत जाऊन मॅच बघत बसलास. आप्पांनी बारसं खाली वॉचमनच्या फोनवर बघितलं. मला हे वॉचमननेच सांगितलं.

नवा कोड आप्पांच्या घरी, टीव्हीशेजारच्या भिंतीवर चिकटवलाय. उद्याच्या तुझ्या ऑनलाइन मीटिंगच्या आधी दिघ्याला जा आणि फोटो काढून आण. ते चहा ठेवतील, मग विचारतील, “जावईबापू, तुमचं नेट अजून बंदच आहे का?”

काय सांगायचं ते रिक्षात ठरव.

योगिनी