खर्ड्याच्या गारगोट्या आणि तुझी अमेरिका

प्रिय दादा,

तू असतास तर मला हे करूच दिलं नसतंस, म्हणून आता सांगते. वसंतरावांचं नाक मी भर सभेत कापलं. परवाच्या शनिवारी, वाचनालयाच्या त्याच सभागृहात, जिथं त्यांनी तुझं कापलं होतं. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून अर्धीमुर्धी कळू नये, एवढ्यासाठी हा कागद घेऊन बसलेय.

रागावलास? रागव खुशाल. तुला राग येतो हे तरी मला एकदा बघू दे.

इकडे यंदाही पावसाचा पत्ता नाही. जिल्हाभर माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडतायत. रेशनला तुझ्या अमेरिकेतली लाल ज्वारी मिळते, मिलो म्हणतात. थापायला घेतली की कडेनं चिरत जाते. तू मात्र तीही मिटक्या मारत खाल्ली असतीस, तिकडची म्हणून.

किती रे तुला तिकडचं कौतुक! मिशनच्या पैशांवर पाळक व्हायला गेलास आणि आलास तो दगडांचं वेड घेऊन. सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून कुठल्याशा आटलेल्या तळ्याकाठी उत्खननावर मजुरी धरलीस, आणि तिथंच तुझं डोकं फिरलं. आईनं तुझा पाळकाचा झगा शिवायला घेतला होता, ते कापड शेवटी तिनं पडद्याला वापरलं.

मला तू ते सगळं गोधड्यांच्या चळतीवर शिकवलंस, आठवतं? खालची आधी घातलेली, वरची नंतर. कधीकाळी थंडी एवढी होती, की समुद्राचं पाणी बर्फ होऊन बसलं, आशिया आणि अमेरिकेच्या मधली जमीन उघडी पडली, आणि जनावरांच्या मागोमाग माणसं पायी पलीकडे गेली. पण केव्हा? तिथल्या मोठ्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. दोन्ही अंगांना पन्हळ पाडलेली भाल्याची टोकं घडवणारे ते पहिले, त्यांच्या आधी तिथं चिटपाखरूही नव्हतं म्हणे, म्हणजे माणसातलं.

आणि तू त्या टोकांच्या खाली गेलास. टोकांचा थर, त्याखाली पांढऱ्या मातीची पट्टी, आणि पट्टीच्याही खाली चूल. राख, जळकं हाड, शेजारी घडवलेले दोन दगड. तुझ्या तिथल्या साहेबांनी वाकून बघितलं आणि खड्डा बुजवायला सांगितला. एवढ्या खाली माणूस असूच शकत नाही, तर मग खणायचं कशाला, असं म्हणाले ना ते? उकिरड्यावर टाकलेल्या दोन-चार कपच्या तेवढ्या तुला आणू दिल्या.

वसंतरावांना हे सगळं ठाऊक होतं. रविवारी उपासनेहून आपण परतलो, की ते आपल्या ओट्यावर बसलेले असायचे. माझ्या हातचं मटण त्यांनी किती वर्षं खाल्लं असेल! तुम्ही दोघं एकाच कॉलेजात, एकाच विभागात. त्यांचा हात स्वच्छ, म्हणून तुझ्या त्या खड्ड्याच्या भिंतीचं चित्र व्याख्यानासाठी त्यांनीच मोठं करून दिलं. आपल्या जेवणाच्या टेबलावर, माझी बरणी कागदावर ठेवून.

आणि व्याख्यान संपल्यावर तेच उठले. तोवर विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती, हे तुला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. हसत हसत म्हणाले, की ती पांढरी पट्टी एका जागी फुटलेली आहे, चित्र काढताना आपण पाहिलंय. घुशीनं बीळ केलं असणार, आणि वरचे दगड त्यातून खाली घरंगळले असणार. दादांना अमेरिकेत माणूस नाही सापडला, घूस सापडली! सभागृह हसून लोटपोट. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर घूस काढलेली. पुढं कॉलेजात तुझं नावच पडलं, घूसमास्तर.

तू उत्तर का दिलं नाहीस? हे मी तुला कधी माफ केलं नाही, दादा. चित्र तिथंच भिंतीवर टांगलेलं होतं. या, दाखवा भोक, एवढं म्हणायचं होतं. पण तू मित्राचं तोंड पडेल म्हणून मुकाट्यानं कागद गोळा केलेस आणि घरी येऊन भात-आमटी जेवलास. त्यानंतर तू त्या विषयावर तोंड उघडलं नाहीस. छातीच्या दुखण्यानं गेलास, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टर नाही, पण तुला कशानं नेलं ते मला माहीत आहे.

आता ऐक. तिकडे अमेरिकेत म्हणे वारं फिरलंय. काही लोक टोकांच्या थराखाली खणायला लागलेत, त्यांना काहीबाही सापडतंय, आणि ते वर्तमानपत्रांतही यायला लागलंय. झालं! वसंतरावांना कंठ फुटला. आपण तर हे पहिल्यापासून म्हणत होतो, असं सांगत फिरायला लागले. व्याख्यान जाहीर झालं, 'अमेरिकेतला पहिला माणूस', वक्ते तेच. आणि आठवडाभर आधी हे गृहस्थ आपल्या दारात. तू गेल्यानंतर पहिल्यांदा! दादांचे दगड सभेत दाखवायला मिळाले तर बरं होईल, म्हणाले.

मी आत गेले. तुझ्या कपच्यांचा डबा हाताशी होता. त्याच्या मागं खर्ड्याच्या गारगोट्यांचा डबा होता.

आपण जामखेडच्या एसटीनं खर्ड्याला गेलो होतो तो दिवस मला लख्ख आठवतो. किल्ल्याच्या पलीकडच्या रानात तू ओणवा होऊन वेचत होतास, आणि शेतकरी हसत म्हणाला होता, "न्या की, समदी न्या. आमच्या नांगराला लई तरास हाय त्यांचा." खर्ड्याच्या लढाईत सांडलेल्या, जुन्या बंदुकीच्या चापात ठिणगी पाडायला बसवत, त्या गारगोट्या. नखाएवढ्या, चौकोनी, गुळाच्या रंगाच्या, एका कडेला धार. मी एक तशीच पिशवीत टाकली, तर तू केवढा ओरडलास! जागा लिहिल्याशिवाय दगड उचलायचा नाही, जागा सुटली की दगड मेला. मला उभ्या जन्मात तू तेवढंच एकदा ओरडलास.

तो डबा मी बाहेर आणला. आतली तुझ्या अक्षरातली चिठ्ठी काढून ठेवली, एवढं पाप माझं. बाकी खोटं बोलले नाही. म्हटलं, हे घ्या, दादाचे दगड. त्यांनी झाकण उघडलं, खूश झाले, निघाले. कुठं सापडले, कुठल्या थरात, एका शब्दानं विचारलं नाही. इतिहासाचे विभागप्रमुख!

शनिवारी मी पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष म्हणून लष्करातले एक निवृत्त कर्नल होते. वसंतराव रंगात आले. एकेक गारगोटी वर धरून सांगू लागले, की या कातडी खरवडायच्या छिलण्या, चुलीशेजारून दादांनी स्वतः उचललेल्या, आणि मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या हातात ठेवलेल्या. रुमालही डोळ्यांना लावला. मग डबा कर्नलसाहेबांपुढं गेला. त्यांनी एक उचलली, उलटसुलट केली, चष्मा लावला, आणि म्हणाले, की ही तर बंदुकीची गारगोटी, आमच्या आजोबांच्या बंदुकीत अशीच होती.

मी बसल्या जागेवरून सांगितलं, की खर्ड्याच्या आहेत, मी आणि दादानं वेचलेल्या.

वसंतरावांचं तोंड तू बघायला हवं होतंस! ते सुख मी कुणाला देणार नाही. पण ते पुरं चार श्वासही टिकलं नाही. वसंतराव कसलेला माणूस. कपाळ पुसलं, हसले, आणि म्हणाले, "म्हणजे दादांनी आपल्या सगळ्यांनाच फसवलं म्हणायचं. त्यांची अख्खी अमेरिका खर्ड्यातच होती." आणि सभागृह पुन्हा हसलं. पुन्हा तुलाच!

मी त्यांच्यासाठी खड्डा खणला आणि तुला त्यात ढकललं होतं. मग मात्र मी उठले, सरळ व्यासपीठावर गेले.

"दगड मी दिले, वसंतराव. चिठ्ठी काढून, मुद्दाम दिले. दादानं तुमच्या हातात काही ठेवलेलं नाही. तो गेला तेव्हा तुम्ही मातीलासुद्धा आला नव्हतात."

या वेळी कागद त्यांनी गोळा केले. लोक हळूहळू उठून गेले. मला शाळेतल्या बायका आता टाळतात. मास्तरीण बाई असून असं कपट, म्हणतात. म्हणू देत.

सोमवारी ते घरी आले. मी उंबऱ्यातच उभी राहिले. ते चपलांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "ती पट्टी अखंड होती, रूथताई. कुठंही भोक नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं."

दादा, हे मला ठाऊकच होतं, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, हेच सभागृहात येऊन बोला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, म्हणाले, मुलीचं लग्न ठरतंय, आता शोभणार नाही. त्याऐवजी तुम्हीच क्षमा करा. रडलेसुद्धा. मी दार लावून घेतलं. चहा विचारला नाही, पाणीही नाही.

पाळकसाहेब येऊन गेले, क्षमेवर बोलले. मी ऐकून घेतलं. रविवारी देवळात जातेच, पण प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ओठ मिटून घेते. देवाला दिसत असेल तर दिसू दे.

आता तुझ्याकडे एक मागणं. वसंतराव माझ्याहून थोरले, तब्येतही तोळामासा. ते माझ्या आधी तुझ्याकडे पोचतील. तुला बघून रडतील, आणि तू तुझ्या सवयीनं उठून त्यांना बसायला देशील. देऊ नकोस. मी येईपर्यंत उभं ठेव. माझं वचन आहे, मी येईन, आणि आई, आप्पा, आपली सगळी माणसं बसलेली असतील तिथं त्यांना मोठ्यानं बोलायला लावीन, की पट्टी अखंड होती. त्यानंतर तुला हवं तर तू माफ कर. मी नाही करणार.

तुझीच,
रूथ