लॅपटॉप तपासून मगच देणार

१२ जानेवारी २०१८, शुक्रवार

लॅपटॉप आला. माझ्या बायकोच्या, शीलाच्या, धाकट्या भावानं, संघर्षनं, पुण्याहून कुरिअरनं पाठवला. आमच्या लेकीसाठी, मोनालीसाठी. पोरगी यवतमाळला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते आणि तिच्याजवळच कॉम्प्युटर नाही. आठ मार्चला तिला प्रोजेक्ट जमा करायचं आहे.

साधा नाही, प्रीमियम आहे. जाडी आमच्या जिनिंगच्या पावतीबुकाएवढी. खोका उघडताना असा हळू सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो. माझ्या लग्नात आलेल्या एकाही वस्तूचा असा आवाज आला नव्हता.

निर्णय: एवढा महाग माल तपासल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. दिग्रसच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या कारखान्यात, बावीस वर्षं वजनकाट्यावर बसतो. कापसात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय मी गाडी पुढे सोडत नाही. तीन दिवस तपासणी, सोमवारी सकाळी सातच्या एसटीनं यवतमाळ. पक्कं.

(ही रोजनिशी लॅपटॉपवरच लिहिणार होतो. मराठी कुठं ठेवलं आहे ते सापडलं नाही. म्हणून जिनिंगची जुनी डायरी.)

१३ जानेवारी

मोनालीला फोन केला. सांगितलं, कंपनीचा फॉल्ट असू शकते, तपासून मगच देतो. ती म्हणाली, बरं बाबा, पण लवकर, काम सुरू करायचं आहे. समजूतदार आहे. माझ्यावर गेली.

तपासणी सुरू. झाकण एका बोटानं उघडते. शाबास. पण माऊसच्या पट्टीला बटणच नाही. डावं नाही, उजवं नाही, गुळगुळीत पाटी. पंधरा मिनिटं चारही कोपरे दाबून पाहिले. पेनड्राइव्ह घालायला जागा नाही. सीडीची तर बातच सोडा. दोन बारीक भोकं आहेत, त्यातलं एक चार्जरचं. दुसरं कशाचं ते कंपनीलाच माहीत.

मत: दिसायला नवरदेव, कामाला पाहुणा.

१५ जानेवारी, सोमवार

सहाला उठलो. आंघोळ केली. बॅग भरली. बॅटरी पाहिली तर चाळीस टक्के. अर्ध्या बॅटरीची वस्तू लेकीच्या हातात देणं बरं दिसत नाही.

शीला म्हणाली, "तिथं काय लाइट नाही? का पोरीले चार्जर लावता येत नाही?"

बायकांना टेक्निकल गोष्टी समजावता येत नाहीत. रविवारी जाईन.

१८ जानेवारी

लॅपटॉप जिनिंगमध्ये नेला. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी वापरून पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. तसंही काम काय आहे? जानेवारीत फाटकाबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत असते. यंदा बोंडअळीनं बोंडात काही ठेवलं नाही, लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली. आज दिवसभरात तीन गाड्या. मशीन दुपारनंतर बंद.

उत्तमसिंग आमच्याकडे कापसाची प्रत पाहतो. त्यानं विचारलं, कोणाचा हाये? मी म्हटलं, टेस्टिंगले आला. यात शब्दभर खोटं नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्या जिनिंगमध्ये पसरवलं की कंपनीनं बाबारावले टेस्टिंगसाठी पाठवला. मी दुरुस्ती केली नाही. अफवेच्या मागं किती धावणार.

चार वाजता शेठनं केबिनमध्ये बोलावलं. दोन व्यापारी बसले होते. शेठ म्हणाले, तुमचं मत काय बाबाराव, घ्यावा का असा एखादा? बावीस वर्षांत शेठनं मला मत विचारलं नव्हतं. खुर्चीही दिली. मी वीस मिनिटं बोललो. कीबोर्ड मऊ आहे पण आवाज नाही, त्यामुळे माणूस काम करून राह्यला हे दुसऱ्याला कळत नाही. ऑफिसच्या दृष्टीनं हा मोठा दोष. व्यापाऱ्यानं मान हलवली.

त्या खुर्चीवरून उठावंसं वाटलं नाही. हे फक्त इथं लिहितो.

२१ जानेवारी, रविवार

आज जाणार होतो. पण काल जिनिंगमध्ये चार्जर लावून धातूच्या बॉडीवर हात ठेवला तर बोटांना मुंग्या आल्या. करंटचा प्रकार. अशी वस्तू पोरीला द्यायची? उत्तमसिंगला दाखवलं. तो म्हणाला, जिनिंगच्या बोर्डाले अर्थिंग नाही, आठ वर्षांपासून नाही, मी स्वतः सांगून राह्यलो. तरी धोका पत्करायचा नाही.

दुसरा दोष: स्क्रीन फारच चकचकीत. काही चालू नसलं की त्यात आपलंच तोंड दिसते. बराच वेळ दिसते. डिझाइन करणाऱ्यानं याचा विचार करायला पाहिजे होता.

२८ जानेवारी, रविवार

संघर्षचा फोन. जय भीम, भाऊजी. पोरीला दिला ना लॅपटॉप?

मी म्हटलं, हो, दिला.

का म्हटलं असं? तोंडातून निघून गेलं. वर आणखी म्हटलं, लई खूश आहे पोरगी. शीला गॅसपाशी उभी होती. तिनं पोळी उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तीच पोळी उलटली.

उपाय: उद्याच नेऊन देतो, म्हणजे आजचं बोललेलं उद्या खरं होईल. खोटं आणि खरं यात शेवटी एका दिवसाचा फरक.

२९ जानेवारी

शेठकडे नागपूरचे पाहुणे. लॅपटॉप घेऊन या म्हणाले.

४ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर एकच धास्ती. संघर्ष सरळ मोनालीला फोन करेल. तिला आधीच सांगून ठेवावं, मामाला असं असं सांग. पण लेकीला असं सांगायचं कोणत्या तोंडानं? दोनदा फोन लावला आणि तिथली थंडी विचारून ठेवला.

आज संघर्षचा पुन्हा फोन. म्हणाला, काल बोललो मोनालीशी. मस्त चालतोय म्हणे. कीबोर्ड एकदम मऊ आहे म्हणाली, स्क्रीन तर फारच छान.

तिनं अजून पाहिलासुद्धा नाही.

मी ओट्यावर जाऊन बसलो. मग लक्षात आलं, पोरीनं मामाचं मन राखलं. याला संस्कार म्हणतात. शीलाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मामाचं नाही राखलं." आणि धुणं घेऊन मागं गेली.

८ फेब्रुवारी

शीला कामापुरतंच बोलते. मीठ संपलं. वायरमन आलता. एवढंच.

रविवारी काही झालं तरी जायचं. लॅपटॉप खोक्यात भरला, खोक्याला चिकटपट्टी लावली.

९ फेब्रुवारी

चिकटपट्टी काढली. आवाज तपासायचा राहिला होता.

मत: आवाज चांगला आहे, पण स्पीकरच्या बारीक जाळीत रुई बसली. टूथब्रशनं काढली. एक तंतू आत गेला. कापसाच्या जिल्ह्यात माल विकायचा तर कंपनीनं इथं येऊन पाहायला पाहिजे.

११ फेब्रुवारी, रविवार

आभाळ भरून आलं. गारा पडतील म्हणत होते. बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो. लॅपटॉप भिजला असता.

छत्री नेली नव्हती का, हे शीलानं विचारलं नाही. नेली होती, हे मीच आपलं सांगून टाकलं.

१९ फेब्रुवारी

लॅपटॉपला बोटाचा ठसा दाखवला की तो उघडतो. माझा अंगठा नोंदवून ठेवला होता. आज सकाळपासून ओळखत नाही. तंबाखूचा खर्रा घोटून घोटून बोटावरच्या रेषा गेल्या असतील. पाच वेळा अंगठा ठेवला, पाच वेळा तो हलला आणि नाही म्हणाला. शेठसमोर. व्यापारी हसले. शेठ म्हणाले, राहू द्या बाबाराव, आता काट्यावर गाडी आली.

गाडी आली नव्हती.

दोष लिहून ठेवतो: मालक ओळखत नाही.

२१ फेब्रुवारी

खरं तर तो मालक ओळखत नाही असं म्हणता येणार नाही. माल मोनालीचा आहे.

२७ फेब्रुवारी

आठ दिवस मोनालीचा फोन नाही. मी केला. बरी आहे म्हणाली. जेवली का म्हटलं, जेवली. मी स्वतःहून म्हटलं, तपासणी शेवटच्या टप्प्यात आहे. ती म्हणाली, असू द्या बाबा, घाई नाही.

शीलाला सांगितलं, घाई नाही म्हणते. तर शीला म्हणाली, "तिनं मागणं सोडलं. तुमाले दोन्ही सारखंच वाटते काय?"

ताट सारून ही डायरी काढली.

मला कॉलेज सुटल्यावर टायपिंग शिकायचं होतं. बाप म्हणाला, मशीन मोडशील. नवी वस्तू हातात घेऊन बसायची माझी ही पहिलीच वेळ. हे कारण कुणाला सांगण्यासारखं नाही. बेचाळीस दिवस पुरावं असं तर नाहीच.

मोजलं. बेचाळीस नाही, सत्तेचाळीस दिवस झाले आज.

९ मार्च, शुक्रवार. परतीच्या एसटीत

परवा रात्री ठरवलं होतं तसं काल सकाळी निघालो असतो, तर आठ तारखेला बरोबर पोहोचलो असतो. काल शेठकडे हिशेबनीस आला नाही, मला बसवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. आज सातच्या एसटीनं गेलो.

हॉस्टेलवर मोनाली नव्हती. फाटकावरच्या बाई म्हणाल्या, फरहानाच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये पाहा, महिनाभर तिथंच असते. फरहाना तिच्या वर्गातली. वडील बशीरभाई मोटारसायकली दुरुस्त करतात. दारव्हा रोडला गॅरेज. बिलं काढायला एक जुना कॉम्प्युटर आहे, काळवंडलेला. त्याच्या कीबोर्डवर ग्रीसचे ठसे, दोन बटणांच्या जागी कागद चिकटवलेला. त्या दोघी त्याच्यापुढं एका स्टुलावर अर्ध्या अर्ध्या बसल्या होत्या.

मोनालीनं मला पाहिलं आणि आधी उठून पाणी आणलं.

बशीरभाईंनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. म्हणाले, आइए साब, बच्ची बताती थी, अब्बा बहुत जिम्मेदार आदमी हैं, पूरा चेक करके ही देंगे. ते मनापासून बोलत होते. चहा मागवला. मी नको म्हटलं तर म्हणाले, अरे, इतना दूर से आए हैं.

मी विचारलं, प्रोजेक्ट?

काल जमा झालं, ती म्हणाली. फरहानाच्या प्रोजेक्टात दुसरं नाव म्हणून. तिनं स्वतःचं वेगळं ठरवलं होतं, ते या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं, म्हणून सोडलं.

काय होतं तुझं?

ती म्हणाली, "काही नाही बाबा. जिनिंगच्या काट्याचं होतं. वजन झालं की पावती आपोआप निघाली असती. तुमाले हातानं लिहावं लागते ना."

बशीरभाई एक नट शोधायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

खोका पुढं केला, पासवर्ड सांगितला. तिनं झाकण उघडलं, दोन बोटं पट्टीवर ठेवली आणि ज्या कामासाठी मी दोन महिने कोपरे दाबत होतो ते काम झालं. मराठी कुठं आहे तेही अर्ध्या मिनिटात काढलं. फरहाना म्हणाली, किती हलका आहे गं. स्क्रीनवर माझ्या बोटांचे तेलकट डाग होते. मोनालीनं ओढणीनं हळूहळू पुसले. मग सगळ्या बटणांवरून हात फिरवला, दोन-चार अक्षरं मारली आणि तिला एकदम हायसं वाटल्यासारखं झालं. म्हणाली, "मऊच आहे, बाबा. मी मामाले अंदाजानं सांगितलं होतं. बरं झालं, खरं निघालं."

मी म्हटलं, मी चुकलो. गॅरेजमध्ये त्याच वेळी कुणीतरी गाडी रेस केली. दुसऱ्यांदा म्हणायचं होतं, झालं नाही. स्टँडपर्यंत ती सोडायला आली. खिडकीतून म्हणाली, आईले सांगा, मी जेवून राह्यली बराबर.

आता आर्णी मागं गेलं.

११ मार्च, रविवार. सकाळी दहा

संघर्षचा फोन. जय भीम, भाऊजी, झालं का पोरीचं प्रोजेक्ट?

मी सगळं सांगितलं. बारा जानेवारीपासून. शेठची खुर्ची, करंट, आभाळ, सगळं. त्यानं काहीच विचारलं नाही, तरी मी सांगत गेलो. संपल्यावर, फोन कटला असेल म्हणून हॅलो म्हटलं.

तो म्हणाला, "ऐकतोय."

मी म्हटलं, रागाव, संघर्ष. काही तरी बोल.

तो म्हणाला, "ताईकडे द्या फोन."

दिला. शीला फोन घेऊन आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. अर्धा तास झाला. अजून बोलून राह्यले.